दुखतं एकीकडे, कळ दुसरीकडे



आज आपण अंगदुखीबद्दल बोलणार आहोत. मान अवघडली, पाठ भरून आली, कंबरेत उसण भरली, पोटरीत गोळा आला, हात वर जाईना, ही आपल्या लातूर-नांदेडकडच्या बायांची रोजची बोली आहे. सोयाबीनची काढणी सुरू झाली की ती जरा जास्तच कानावर पडते. बचत गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्ज लिहिताना कारणाच्या रकान्यात मी ‘दवाखाना’ हा शब्द फार वेळा लिहिते. विचारून पाहिलं तर त्यातली पुष्कळ कर्जं तापाची नसतात, दुखण्याची असतात. इंजेक्शन, सलाईन, एक्स-रे, कंबरेचा पट्टा आणि पिशवीभर गोळ्या. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही की घरचे म्हणतात, “काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा.” आणि बाईला तर रात्री कूस बदलता येत नाही.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं. स्नायूतली गाठ त्यात दिसत नाही. म्हणून ‘फोटोत काही नाही’ याचा अर्थ ‘दुखत नाही’ असा होत नाही. या गाठीला डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ‘ट्रिगर पॉईंट’ म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. चाप इथे ओढायचा, गोळी लागते लांब. आपल्या मराठीत याला फार छान शब्द आहे, कळ. कळ म्हणजे दुखण्याची सणकही आणि कळ म्हणजे दाबायचं बटणही. या गाठीत दोन्ही अर्थ एकत्र येतात.

गाठ होते कशी?

आपला स्नायू बारीक धाग्यांच्या जुड्यांचा बनलेला असतो. काम करताना हे धागे आखडतात, काम संपलं की सैल होतात. पण एकच काम तासन् तास केलं, एकाच बाजूने ओझं उचललं, अचानक हिसका बसला, तर काही धागे आखडलेलेच राहतात. साडीच्या काठातला एक धागा ओढला गेला की आजूबाजूचं कापड कसं चुण्या पडून आकसतं, तसं. बोटाने चाचपलं तर स्नायूत दोरीसारखी ताठ पट्टी लागते आणि त्या पट्टीत एखादी दुखरी जागा सापडते, ज्वारीच्या दाण्याएवढी किंवा हरभऱ्याएवढी.

हे का होतं याचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण असं, की आखडलेल्या जागी रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोहोचतं, प्राणवायू कमी पडतो. तिथे तयार होणारी रसायनं साचतात आणि दुखण्याच्या नसा चिडतात. दुखतं म्हणून आपण तो भाग आणखी आखडून धरतो, आणि आखडल्यामुळे आणखी दुखतं. असं हे चक्र चालू राहतं. या कारणांच्या तपशिलावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहेत. काहींना तर हा ‘बिंदू’ म्हणजे वेगळी वस्तू आहे हेही मान्य नाही, दोन तपासनिसांची बोटं नेहमी एकाच जागी पडत नाहीत असं ते म्हणतात. पण स्नायू दुखतो आणि त्याचं दुखणं लांब जातं, याबद्दल शंका राहिलेली नाही.

आपल्याकडच्या जुन्या मालीशवाल्या बायांना आणि सुईणींना ही गाठ ठाऊक होतीच. बाळंतिणीची पाठ चोळता चोळता त्यांचा अंगठा एका जागी थांबायचा आणि बाळंतीण “हं, तीच जागा” म्हणायची. आपण त्याला ‘नस चढली’ म्हणतो. खरं तर बहुतेक वेळा नस चढलेली नसते, स्नायू आखडलेला असतो. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायची रीतही आपल्या गावोगावी आहे. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला. उसण बरीचशी चार-आठ दिवसांत आपोआप उतरते, मान मात्र पायाळूला मिळतो. हलका पाय लावला तर एक वेळ चालेल, पण दुखऱ्या पाठीवर लाथ मारून घेऊ नका.

दुखणं लांब का जातं?

१९३८ साली लंडनमध्ये केलग्रेन नावाच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांच्या स्नायूत मिठाचं तीव्र पाणी सुईने टोचून पाहिलं. टोचलं एका जागी आणि माणसं दुखणं दाखवू लागली भलतीकडेच. याचं कारण मज्जारज्जूत आहे. शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून येणारे निरोप तिथे एकाच वाटेवर मिळतात. घरात पाच माणसं आणि मोबाईल एकच असला, की मिस कॉल आल्यावर समोरच्याला कळत नाही की सासूने केला का सुनेने. मेंदूचंही तसंच होतं. निरोप कुल्ल्याच्या स्नायूने पाठवलेला असतो आणि मेंदूला वाटतं पोटरीने पाठवला.

या विषयाचा मोठा अभ्यास एका बाईने केला आहे. डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकेतल्या डॉक्टर, जन्म १९०१ चा. कोणत्या स्नायूतली गाठ कुठे दुखवते याचे नकाशे त्यांनी वर्षानुवर्षं रोगी तपासून तयार केले आणि डॉ. डेव्हिड सिमन्स यांच्यासोबत १९८३ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ काढला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना पाठदुखीने जेरीस आणलं होतं. १९६१ मध्ये ट्रॅव्हेलबाई त्यांच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या. अध्यक्षांच्या डॉक्टर होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी नुसती इंजेक्शनं दिली नाहीत. अध्यक्षांच्या एका पायाची लांबी किंचित कमी आहे हे ओळखून बुटात उंचवटा घालायला लावला आणि बसायला झुलती खुर्ची सुचवली. दुखणं बघताना माणूस बसतो कसा, चालतो कसा, काम कसं करतो हेही त्यांनी बघितलं. आपल्यालाही तेच करायचं आहे.

कोणत्या कामाने कुठे गाठ?

आपल्याकडे म्हण आहे, दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. अंगदुखीत नेमकं हेच होतं. जिथे दुखतं तिथे बाम चोळतो आणि गाठ राहते दुसरीकडे. आपल्या कामांवरून काही जागा सांगते.

शिलाई मशीनवर वाकून बसणं, डोक्यावर ओझं नेणं, मान खाली घालून मोबाईल बघणं: यात मान आणि खांदा यांच्या मधला मांसल भाग आखडतो. दुखतं मात्र मानेच्या बाजूला, कानामागे आणि कानशिलात. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या ताई डोकेदुखीची गोळी घेतात, पण कळ खांद्यावर असते.

कापूस वेचणं, कपडे आपटणं, वरच्या फळीवरून डबे काढणं: यात पाठीवरच्या फऱ्याच्या हाडावर बसलेला स्नायू दमतो. दुखणं खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडात खोल जाणवतं. त्या कुशीवर झोपता येत नाही.

खुरपणी, विळ्याने काढणी, गोधड्या पिळणं, कणीक तिंबणं: कोपराच्या खाली, हाताच्या वरच्या बाजूचे स्नायू आखडतात. दुखतं कोपराच्या बाहेरच्या बाजूला आणि मनगटात. हातातली कपबशी सुटते.

कंबरेवर घागर: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा साऱ्या देशाने आपली टंचाई बघितली. त्याआधी आणि त्यानंतरही घरात पाणी आणलं ते आपल्या कंबरेने. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. पंधरा लिटरच्या घागरीच्या आठ खेपा म्हणजे १२० किलो, आणि घागरीचं वजन वेगळं. ओझं नेहमी एकाच कंबरेवर घेतलं की शरीराचा तोल धरायला बरगड्या आणि कंबरेचं हाड यांच्या मधले स्नायू सतत ताणात राहतात. दुखणं कुल्ल्यात आणि कंबरेच्या हाडावर जातं.

दिवसभर उकिडवं बसून खुरपणं, मग एकदम उठून भारा उचलणं: कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू आखडतात. त्यांचं दुखणं मांडीच्या बाहेरून पोटरीपर्यंत, कधी घोट्यापर्यंत उतरतं. ऐकणाऱ्याला वाटतं सायटिका. काही वेळा ती खरंच नस असते, म्हणून पाय बधिर होत असेल, पायातली ताकद कमी होत असेल तर तपासून घ्यायचंच. पण पायात उतरणारं प्रत्येक दुखणं म्हणजे मणका सरकलेला नसतो.

पोटरी: दिवसभर उभं राहून किंवा उकिडवं बसून काम केलं की पोटरीत गाठ बनते. रात्री गोळे येतात आणि तळपायाच्या खोलगट भागात दुखतं.

दाब कसा द्यायचा?

आधी गाठ शोधा. बोटांनी हळूहळू चाचपा. ताठ पट्टी लागली आणि त्यात अशी जागा सापडली की दाबताच तुम्ही म्हणाल, “हेच ते माझं रोजचं दुखणं”, तर ती कळ समजा. नुसतं दुखतं म्हणून कुठेही दाबत सुटू नका.

मग शेका. गरम पाण्याची पिशवी घ्या, नसेल तर तव्यावर गरम केलेल्या मिठाची कापडी पुरचुंडी घ्या. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर पायाला शेकू नका, भाजलेलं कळत नाही.

आता दाब. अंगठ्याने, बोटांनी किंवा पोरांच्या टेनिस बॉलने. पाठ, खांदा, कुल्ला यांसाठी चेंडू भिंत आणि अंग यांच्या मध्ये धरा आणि भिंतीला रेलून उभ्या राहा. अंगाचा भार हळूहळू टाका. चेंडू निसटत असेल तर जुन्या मोज्यात घालून मोजा वरून धरा. पोटरीसाठी खाली बसून पाय लांब करा आणि चेंडू पोटरीखाली ठेवा.

दाब किती? दहापैकी चार-पाच इतकंच दुखलं पाहिजे. ‘दुखतंय पण बरं वाटतंय’ असं वाटावं. श्वास अडकला, दात आवळले गेले, अंग ताठ झालं तर दाब जास्त आहे, कमी करा. जोरात रगडलं म्हणजे लवकर बरं होतं असं नाही. उलट स्नायू चिडतो आणि दुसऱ्या दिवशी निळं पडतं.

दाब अर्धा ते एक मिनिट तसाच धरा. श्वास सावकाश सोडत राहा. दुखणं हळूहळू विरघळल्यासारखं वाटेल. मग सोडा, थोडं थांबा, पुन्हा दोनदा करा. एका गाठीला दिवसातून एक-दोन वेळा पुरे.

यानंतरची पायरी बहुतेक जणी विसरतात. गाठ सैल झाली की तो स्नायू हळूच ताणायचा. खांद्यासाठी कान विरुद्ध बाजूच्या खांद्याकडे झुकवा. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून तो पाय मागे ठेवा, टाच जमिनीला टेकवा. वीस-तीस सेकंद, हिसके न देता. ताणल्यानंतर तो अवयव चार-पाच वेळा मोकळा हलवा.

दाबाने मिळणारा आराम बऱ्याचदा थोड्या काळाचा असतो. रोजची हालचाल, ताण देणं आणि स्नायूची ताकद वाढवणं यानेच तो टिकतो. आठ-पंधरा दिवस करूनही फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. ते हाताने दाब देतात, व्यायाम शिकवतात. काही ठिकाणी गाठीत बारीक कोरडी सुई घालूनही उपचार करतात, काही वेळा डॉक्टर त्या जागी बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. हे शिकलेल्या माणसाचंच काम आहे. छातीजवळ सुई चुकली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. बाजारात बसून सुया टोचणाऱ्याकडे जाऊ नका.

कुठे हात लावायचा नाही?

गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर, जिथे नाडी लागते तिथे दाब नको. काखेत, जांघेत, कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यात नको, तिथून रक्तवाहिन्या आणि नसा जातात. पाठीच्या मणक्याच्या हाडावर नको, दाब नेहमी बाजूच्या मांसावर. फुगलेल्या निळ्या शिरांवर नको. एकच पोटरी सुजली असेल, गरम, लाल असेल तर मुळीच चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. लगेच डॉक्टर गाठा. गरोदरपणात पोट, कंबर, पाय यांवर खोल दाब डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील, तरीही आधी विचारा.

थेट दवाखाना कधी?

छातीत दाब आल्यासारखं वाटतंय, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातंय, घाम फुटलाय, दम लागतोय, मळमळतंय, तर गाठ शोधत बसू नका. १०८ ला फोन लावा. बायकांमध्ये हृदयविकार कधी कधी नुसता दम लागणं, थकवा, मळमळ असाच येतो आणि ‘पित्त झालं’ म्हणून अंगावर काढला जातो.

पाठदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाय लुळा पडतोय, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. पाठदुखीसोबत बारीक ताप, घटणारं वजन, रात्रीचा घाम असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो, तपासणी करा. पडल्यावर, अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेल्या बाईचं नवं दुखणं, आडवं पडूनही न थांबणारं दुखणं, ही सगळी दाखवायची दुखणी. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथपर्यंत जाण्याआधी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारता येतं.

आणि गोळ्यांबद्दल. दुखण्याच्या गोळ्या महिनोन् महिने मनाने घेतल्या तर पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. पुडीत बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्या तर घेऊच नका. कोणती गोळी, किती दिवस, हे विचारणं हा आपला हक्क आहे.

कंबरदुखी आणि पिशवी

आता जरा जड विषय. आपल्याकडे बाईची कंबर दुखली की पहिला संशय गर्भाशयावर जातो. ‘पिशवीला सूज आहे, काढून टाका, कटकट मिटेल.’ २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तरण्या वयात पिशवी काढलेल्या बाया तिथे किती तरी निघाल्या. गर्भाशयाचे आजार असतात, त्याने कंबरही दुखते, त्यावर उपचार झालेच पाहिजेत. पण मोळ्या उचलणाऱ्या, दिवसभर वाकणाऱ्या बाईची कंबर स्नायूमुळेही दुखू शकते, आणि स्नायूची गाठ पिशवी काढून जात नाही. उलट कमी वयात गर्भाशयाबरोबर अंडाशय काढलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात. म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितलं तर कर्जाचा अर्ज लिहिण्याआधी सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला घ्या. कंबर कुणी हाताने तपासली का, काम कोणतं करता असं कुणी विचारलं का, हे स्वतःला विचारा.

गाठ परत का येते?

कारण काम तेच आणि तसंच राहतं. सोयाबीनचं गुत्तं घेतलं की आपण पाणी प्यायलाही उठत नाही, एकर संपवायचा असतो. पण अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटं उभं राहून कंबर मागे वळवली, खांदे फिरवले, तर एकर तेवढ्याने मागे पडत नाही. विळ्याला धार ठेवा, बोथट विळ्याला मनगट जास्त लागतं. ओळ बदलली की शक्य तिथे हात बदला. घागर एका खेपेला डावीकडे, एका खेपेला उजवीकडे घ्या. शिलाई मशीन थोडं उंच ठेवा, म्हणजे मान कमी वाकेल. खुरपणीला जमेल तिथे सायकल कोळपं वापरा, उभ्याने काम होतं. शेतकरी बायांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात काम झालेलं आहे, त्यांच्याकडे चौकशी करता येईल. एकटीला कोळपं घेणं जड जातं, पण दहा जणींच्या गटाला ते जड नाही. गटाने घ्यायचं आणि वारीवारीने वापरायचं.

आणि एक ओझं असं आहे, जे चेंडूने हलत नाही. शेतातून आल्यावर चूल, धुणं, पाणी सगळं एकाच पाठीवर असेल तर गाठ सुटून सुटून पुन्हा बसणार. घागर उचलायला घरातल्या पुरुषांनाही दोन हात आहेत आणि पोरांनाही.

येत्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक चेंडू आणावा. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या की पंधरा मिनिटं भिंतीला रेलून एकमेकींना जागा दाखवू. जिला वरची धोक्याची लक्षणं असतील तिला त्याच दिवशी कोण सोबत घेऊन जाणार, तेही तिथेच ठरवू आणि नोंदवहीत लिहू.